देवाच्या खात्यावरची हौसाक्का

हात जोडा मंडळी, डोळे मिटा, नाव घ्या त्याचं... घेतलं? आता डोळे उघडा! आजची गोष्ट मिटल्या डोळ्यांनी ऐकायची नाही.

पूर्वरंगात आपण शरणागती पाहिली. देवावर भार टाकावा, निश्चिंत व्हावं. ऐकायला किती गोड वाटलं! सगळ्यांनी माना डोलावल्या. खांबाला टेकलेले ते काका तर इतके निश्चिंत झाले, की त्यांना झोपच लागली! नको, नको, उठवू नका. त्यांनी भार टाकलाय!

पण आता एक प्रश्न विचारते. देवावर भार टाकतो म्हणजे आपण नेमकं करतो काय हो? विश्वासाने त्याच्या पायाशी ठेवतो? की आपले हात भरून आले म्हणून त्याच्या दारात टाकतो आणि मागं न बघता घरी येतो? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं! दोन्ही वेळेला आपण म्हणतो, "तो बघेल." मग फरक कळायचा कसा?

मंडळी, ऐका. या गोष्टीत राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. या गोष्टीत कॉम्प्युटर आहे! बघा, बघा, तरुण मंडळींनी मोबाइल खाली ठेवले!

मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे आज मंडपात बसलेत. त्या गावात दिनकर अण्णा मोहोळकर यांची ऑक्सिजन सिलिंडरची एजन्सी. दवाखान्यांना सिलिंडर पुरवायचे, घरी दमेकरी माणूस असेल तर त्याच्या घरी पोहोचवायचे, रिकामे आणायचे, भरून परत द्यायचे. काय धंदा आहे बघा! आपण इथं बसून फुकट ओढतोय तीच हवा, पण ज्याला ती ओढता येत नाही, त्याच्या घरी अण्णांचा टेम्पो जातो.

अण्णा माणूस भला. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, कपाळाला भंडारा. गावाबाहेरच्या टेकडीवर भैरोबा आहे, त्याचे निस्सीम भक्त. एजन्सीत पहिला कॉम्प्युटर आला, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं असलेला, तेव्हा अण्णा म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक देवाचं!" झालं. ग्राहक क्रमांक एक — श्री भैरवनाथ प्रसन्न! पहिलं पान देवाचं ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. त्यात चूक काय? काहीच नाही.

चूक पुढं झाली.

त्या कॉम्प्युटरला एक खोड होती. कोणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय तो सिलिंडर दाराबाहेर सोडायचा नाही. मग एखादा सिलिंडर सापडेना, कोणाकडे गेला कळेना, "टाक देवाच्या खात्यावर!" झडप बिघडली, "टाक देवाच्या खात्यावर!" दोन दवाखान्यांच्या सिलिंडरची अदलाबदल झाली, भांडण कोण मिटवणार, "टाक देवाच्या खात्यावर!" वर्षं गेली. भैरोबा त्या तालुक्यातला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झाला! टेकडीवर बसल्या बसल्या!

आणि आता मंडळी, एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते. गोष्टीतल्या बाईला ती अजून ठाऊक नाही, पण तुम्ही लक्षात ठेवा. त्या देवाच्या खात्यावर, त्या सगळ्या अडगळीत, एक जिवंत माणूस होतं!

हौसाक्का. नदीपलीकडच्या वस्तीवर राहणारी म्हातारी. उभा जन्म चुलीच्या धुरात गेला, छाती भाता झाली. तिचा मुलगा भरमू अण्णांकडे हमाल होता. मोठी साथ आली, तेव्हा या भरमूने खांद्यावरून सिलिंडर वाहिले. लोकांचे श्वास वाहिले हो! आणि शेवटी त्याचाच श्वास अडकला. जाताना अण्णांचा हात धरून म्हणाला, "अण्णा, आईचं..." अण्णा म्हणाले, "आईचं मी बघतो."

शब्द दिला. आणि पाळला सुद्धा! टेम्पोवाल्या शिवाप्पाला सांगितलं, "एक दिवस आड म्हातारीला भरलेला सिलिंडर टाकत जा. पैसे नाहीत घ्यायचे." शिवाप्पाने विचारलं, "नावावर कुणाच्या टाकू?" अण्णा म्हणाले, "दान आहे रे. देवाच्या खात्यावर टाक."

ऐकलंत? शब्द दिला अण्णांनी, खातं भैरोबाचं! तेव्हापासून म्हातारीचं नाव कुठंच नव्हतं. होतं ते फक्त शिवाप्पाच्या डोक्यात.

आता आपली बाई. नाव केतकी. शिकलेली, बी. कॉम. झालेली, मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा अण्णांच्या ऑफिसात कामाला लागली. तिची मुलगी जुई. तान्ही असताना तिला न्यूमोनिया झाला होता. बरी झाली, ठणठणीत झाली, आता घरभर पळते. पण आईचं मन! मुलगी झोपली की केतकी वाकून तिच्या नाकापाशी कान नेते. श्वास चालू आहे ना? आहे. लहान की मोठा? मोठा. घरघर? नाही. मग ही भात लावायला जाते. नवरा म्हणतो, "अगं, ती झोपलीय, तपासणी कसली करतेस?" हसू नका! इथं बसलेल्या किती आयांनी हे केलंय ते मला माहीत आहे. हात वर करायला सांगू?

तर एक दिवस जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. चालू होईना, झाला तर बंद होईना. दुरुस्त करणारे म्हणाले, "याचे सुटे भाग आता म्युझियममध्ये मिळतील!" मग ठरलं — नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं. पुण्याहून निनाद सर आले. चष्मा, लॅपटॉप, पाठीवर पिशवी. बोलणं गोड, पण भराभर.

"मॅडम, सगळा जुना डेटा आपण नव्या सिस्टीममध्ये नेऊ. काळजीच नको!"

मंडळी, शास्त्रात काय सांगितलंय? जीव जुना देह टाकतो, नवा धरतो. देह नवा, पण संस्कार? ते बरोबर येतात! तेच झालं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी एका दवाखान्याची पाच नावं निघाली. 'कुलकर्णी हॉस्पिटल', 'डॉ. कुलकर्णी', 'कुलकर्णी स्टँडजवळ', 'नवे कुलकर्णी', आणि पाचवं नुसतंच 'डॉक्टर'! ज्याला जसं सुचलं, तसं त्याने लिहिलेलं! हा दोष नव्याचा की जुन्याचा? मी सांगते — दोष आपल्या हाताचा. पण बोलणी कोणाला? नव्याला!

"हे नाही चालायचं बाई," गोडाऊनवाले म्हणाले. "जुन्यात एक बटण दाबलं की पावती बाहेर. ह्यात चार ठिकाणी विचारतंय. नवीन नवरीसारखं!"

केतकी म्हणाली, "नवीन नवरी विचारते, कारण तिला घर नीट समजून घ्यायचं असतं. चार दिवस उत्तरं द्या, पाचव्या दिवशी तीच तुम्हाला वस्तू सापडवून देईल."

बघा, काय बाई! घाबरट मनाची, पण कामाला घट्ट. तिने एकेकाला शेजारी बसवलं, हात धरून शिकवलं. चुकले तर हसली, चिडले तर चहा मागवला. पाच कुलकर्ण्यांचा एक कुलकर्णी केला! गिऱ्हाइकांना फोन करकरून पत्ते घेतले. सगळी यादी स्वच्छ झाली. राहिलं एकच नाव.

ग्राहक क्रमांक एक.

पडद्यावर लाल अक्षरं आली — पत्ता भरा. मोबाइल नंबर भरा. त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

निनाद सर म्हणाले, "हे कोण भैरवनाथ प्रसन्न? प्रसन्न हे आडनाव आहे का?"

"देव आहे तो," केतकी म्हणाली.

"मग डिलीट करून टाकू."

आतून अण्णांचा आवाज आला, "कोण देवाला काढतंय रे?" टोपी सावरत बाहेर आले. "अहो साहेब, तुमचं मशीन कालचं. भैरोबा केव्हाचा! तो पहिला होता, पहिलाच राहणार. नाहीतर न्या तुमचं सॉफ्टवेअर पुण्याला!"

"पण काका, सिस्टीम पत्ता मागतेय. देवाचा पत्ता काय लिहू?"

वा! काय प्रश्न विचारला पोराने! मोठमोठे ज्ञानी ज्या प्रश्नापाशी थकले, तो प्रश्न एका सॉफ्टवेअरने विचारला! देवाचा पत्ता काय? सांगा ना! कोणी म्हणेल वैकुंठ, कोणी म्हणेल हृदय. पण हृदयाचा पिनकोड कुठून आणायचा?

केतकी मधे अडकली. तिने देवाचं खातं उघडून पाहिलं. वरून खालीपर्यंत नोंदीच नोंदी, आणि पुढं एक अक्षर नाही. तिने विचारलं, "अण्णा, या खात्यात नेमकं काय काय आहे? एकदा बसून बघूया का?"

अण्णा म्हणाले, "देवाच्या खात्यात काय बघायचं, पोरी? ते त्याचं तो बघतो."

केतकीच्या मनात आलं, थांबावं. उघडून एकेक बघावं. पण निनाद सर घड्याळ बघत होते, बाहेर टेम्पो उभा होता, जुईला बालवाडीतून आणायची वेळ झाली होती. चुकतो ना माणूस, तो अशाच वेळेला चुकतो. वाईट हेतूने नाही, घाईने! तिने पत्ता लिहिला, 'भैरोबा मंदिर, टेकडी'. आणि मोबाइल नंबर? अण्णा म्हणाले, "माझा घाल."

तिने घातला. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

आणि हौसाक्काचा पत्ता लागला टेकडीवरचा!

इकडे काय झालं, शिवाप्पा रजेवर गेला. धाकटीचं लग्न, बेळगावकडे. रजेला कोण नाही म्हणणार? त्याच्या जागी टेम्पोवर आला बाळासो. नवा गडी, उत्साही, हातातल्या कागदावर जे छापलंय ते वेद! सॉफ्टवेअरने सकाळी यादी काढली. जुन्या नोंदी बघून त्याने हिशेब लावला होता, कोणाचा सिलिंडर कधी संपतो. हुशार हो! त्याने ओळखलं, ग्राहक क्रमांक एकला एक दिवस आड छोटा सिलिंडर लागतो. आज द्यायचा. यादीत छापलं — श्री भैरवनाथ प्रसन्न, टेकडी.

बाळासोने यादी वाचली. मनात म्हणाला, असेल बाबा!

दुपारी अण्णांच्या मोबाइलवर टुण्ण वाजलं. अण्णांनी चष्मा लावला, वाचलं, आणि ओरडलेच, "केतकी! हे बघ काय थट्टा चाललीय!"

तिने फोन घेतला. त्यावर लिहिलं होतं: 'प्रिय श्री भैरवनाथ प्रसन्न, आपला ऑक्सिजन सिलिंडर पोहोचवला आहे. आमच्या सेवेवर आपण प्रसन्न आहात का? एक ते पाच तारे द्या.'

तेवढ्यात बाळासो आत आला. घामाने निथळतोय, शर्टाला कुंकू लागलंय!

"चढवला बगा वर! पायऱ्या काय, पायऱ्या काय! खांद्याची साल निघाली. पण गुरवानं मान दिला हं. म्हनला, कुणा भक्ताचा नवस दिसतोय. सिलिंडरला हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. आरती केली त्येची!"

हसा, हसा मंडळी! सगळं ऑफिस हसलं. गोडाऊनवाले तर पोत्यावर आडवे झाले. निनाद सर भिंत धरून हसले. अण्णांना राग यायचा, तेही हसायला लागले. केतकीही हसली. पोट धरून हसली.

आणि हसता हसता थांबली.

पेटी थांबवा, बुवा. जरा शांत.

तिच्या मनात काय आलं? एक दिवस आड. सॉफ्टवेअरने हा अंदाज हवेतून नाही काढला, जुन्या नोंदींतून काढला. म्हणजे आजवर एक दिवस आड भरलेला सिलिंडर खरोखर कुठंतरी जात होता. आणि रिकामा होऊन परत येत होता! बिघडलेली झडप रिकामी होत नाही. हरवलेला सिलिंडर परत येत नाही. रिकामा करणारं कोणीतरी आहे. ओढणारं कोणीतरी आहे!

ती म्हणाली, "अण्णा, देवाला ऑक्सिजन कशाला लागतो?"

अण्णा हसतच म्हणाले, "अगं, तेच तर!"

"नाही अण्णा. मी विचारतेय. देवाच्या खात्यातला हा सिलिंडर एक दिवस आड कोण रिकामा करत होतं?"

अण्णांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून गेलं. टोपी काढली, परत घातली. "भरमूची आई," ते म्हणाले. "नदीपलीकडं. शिवाप्पा टाकतो तिला..."

"शिवाप्पा रजेवर आहे."

"हो."

"मागच्या खेपेला कोणी टाकला?"

"शिवाप्पानेच, परवा, जाण्याआधी," अण्णा म्हणाले. आजची खेप टेकडीवर. परवाचा आज संपणार. आणि म्हातारी?

केतकीला त्या क्षणी काय ऐकू आलं असेल, सांगा बघू, आयांनो! तिने शब्द वाया घालवला नाही. "बाळासो, भरलेला सिलिंडर घ्या, पाना घ्या. अण्णा, चला. घर कुठं आहे?"

अण्णांना घर ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं श्वास पाठवला, दार पाहिलं नाही!

शिवाप्पाला फोन लावला. तिकडे हळदीचा बँड! "हॅलो, शिवाप्पा, हौसाक्काचं घर कुठं?"

"आयकू येईना मॅडम! जेवूनच जावा!"

"अहो, हौसाक्का!"

"व्हय, व्हय, घरच्यांस्नी बी घेऊन या!"

केतकी ओरडली. केतकी, जी कधी शेजारणीवर आवाज चढवत नाही, ती भर रस्त्यात अशी ओरडली, की समोरच्या चहावाल्याच्या हातून गाळणं पडलं. "शिवाप्पा! बँडच्या लांब जा! हौसाक्काला सिलिंडर गेला नाही!"

मग मात्र तिकडचा आवाज एकदम दूर गेला. शिवाप्पा धावत असणार. "अरं देवा... पूल वलांडा मॅडम. उजवीकडं पवारांचं गुऱ्हाळ. त्येच्या मागं पत्र्याचं घर, दारात शेवगा. मी सांगायचा राहिलो की वो, लग्नाच्या गडबडीत मी..."

"तुमचं चुकलं नाही. फोन चालू ठेवा," केतकी म्हणाली.

टेम्पोत पुढं तिघं. बाळासो चालवतोय, मधे केतकी, कडेला अण्णा. अण्णा पुटपुटताहेत, "भैरोबा, सांभाळ. भैरोबा, बघ." केतकी म्हणाली, "अण्णा, बाहेर बघा. शेवगा दिसतोय का ते बघा."

शेवगा दिसला. दारात उंबऱ्यावर म्हातारी बसली होती. पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर-खाली, वर-खाली. ओठ निळसर. ज्या आईने आपलं लेकरू असं ओढताना एकदा पाहिलंय, ती पुन्हा ते विसरत नाही. केतकीने आत धाव घेतली. जुना सिलिंडर कोपऱ्यात, काटा लाल पट्टीत. पण झडप बंद!

"अक्का, यात थोडा आहे, बंद का केलाय?"

म्हातारी एकेक शब्द तोडत म्हणाली, "रातीला... लागंल. म्हनून... ठिवलाय."

मंडळी! श्वास साठवून ठेवला होता तिने. आपण दागिने ठेवतो, धान्य ठेवतो. तिने उरलेला श्वास रात्रीसाठी ठेवला होता, आणि दिवस तसाच ओढत बसली होती!

बाळासोने पाना लावला. केतकीने नळी लावली, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठले. तिने म्हातारीच्या नाकाशी नळी धरली आणि कान जवळ नेला. तसाच, जुईच्या नाकाशी नेते तसा. घरघर... घरघर... मग थोडी कमी. मग एक लांब श्वास. मग दुसरा. ओठांचा निळा रंग हळूहळू उतरला.

केतकीने डॉक्टरांनाही तिथूनच फोन लावला, ते येतो म्हणाले. मग तिने विचारलं, "अक्का, फोन का नाही केला हो?"

म्हातारी म्हणाली, "कुनाला करू, बाई? शिवाप्पा म्हनायचा, देव देतुया. देवाला कुठं फोन लावायचा?"

अण्णा दारात उभे होते. टोपी हातात. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, बाळासोला विचारलं, "ह्ये कोन?"

"मालक हाईत, अक्का."

"कुठलं मालक?"

ओळखत नव्हती! कशी ओळखणार? अण्णा खाली बसले, उंबऱ्याच्या अलीकडे, मातीत. "भरमू माझ्याकडे होता, अक्का. मी दिनकर."

म्हातारीचा चेहरा उजळला हो! रागावली नाही, काही विचारलं नाही. "भरमूचं सायेब व्हय! मग बाहीर का बसलासा? आत या की. सुनंला कामावरनं यायला येळ हाय, न्हाईतर च्या ठिवला असता."

अण्णांनी आत यायला उंबऱ्यावर हात टेकला. केतकीने हात दिला.

डॉक्टर तपासून गेल्यावर, परत येताना टेम्पोत अण्णांनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरी, उद्यापासून जुनंच लाव. जुन्यात हे झालं नसतं. ह्या नव्यापायी आज म्हातारी गेली असती."

इथं कोणी दुसरी असती, तर घाबरली असती. मालक म्हणतोय, लावू जुनं! पण काळजी करणाऱ्या बाईचा एक गुण असतो मंडळी. तिने सगळं वाईट आधीच मनात पाहून ठेवलेलं असतं. त्यामुळे खरं वाईट समोर येतं, तेव्हा ती डगमगत नाही!

"अण्णा," ती म्हणाली, "माझं चुकलं. खातं उघडून बघायचं होतं, मी घाईत पत्ता लिहून मोकळी झाले. पण जुन्यात म्हातारी कुठं होती, सांगा. कॉम्प्युटरमध्ये नव्हती. शिवाप्पाच्या डोक्यात होती. शिवाप्पाला ताप आला असता तर? गावाला गेला असता आणि फोन लागला नसता तर? जुन्यात ती जगली ते नशीब म्हणून. नव्याने काय केलं? देवाच्या नावावर जे होतं, ते देवाच्या दारात नेऊन ठेवलं आणि तुम्हाला कळवलं. नव्याने लपवलं नाही, अण्णा. म्हणून तर आपण वेळेत पोहोचलो."

पूल ओलांडल्यावर अण्णा म्हणाले, "उद्या बसू. देवाचं खातं उघडू."

आणि बसले! शिवाप्पा लग्नाचे लाडू घेऊन आला, तोही बसला. एकेक नोंद उघडली. कुठं नुसती अडगळ होती, ती काढून टाकली. कुठं भांडण होतं, ते अण्णांनी स्वतः जाऊन मिटवलं. आणि कुठं माणसं निघाली. हौसाक्कासारखी आणखी माणसं, ज्यांना अण्णांनी कधीतरी शब्द दिला होता आणि देवाकडे पाठवलं होतं. प्रत्येकाचं नाव लिहिलं, दार लिहिलं. निनाद सरांनी एक रकाना वाढवून दिला: सिलिंडर पोहोचला नाही तर कोणाला कळवायचं? हौसाक्काच्या नावापुढं तो रकाना अण्णांनी स्वतः भरला. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत: दिनकर मोहोळकर.

शेवटी क्रमांक एक रिकामा झाला. अण्णा जरा हळवे झाले. "देवाचं खातं रिकामं? बरं दिसतं का?"

केतकी म्हणाली, "नाव राहू दे ना पहिलं. फक्त माल पाठवणं बंद करूया. देवाला आपल्याकडून माल लागत नाही, अण्णा."

टेकडीवरचा तो सिलिंडर बाळासोने खाली आणला. गुरव सहजी सोडेना, म्हणाला, आरती झालीय त्याची! शेवटी प्रसाद म्हणून घेतला. धुवून, पुसून तो फिरतोय अजून तालुक्यात.

आता मंडळी, ही गोष्ट माझ्याकडे का आली? सॉफ्टवेअर शिकवायला नाही. ते शिकाल तुम्ही, चार दिवस रडाल, पाचव्या दिवशी हसाल. नवीन काही आलं की आपण घाबरतो आणि म्हणतो, जुनंच बरं होतं. का बरं होतं? कारण जुन्याला आपल्या खोडी माहीत होत्या, ते झाकून घेत होतं! नवं येतं आणि दारात उभं राहून विचारतं, पत्ता सांगा. हा माणूस कोणाचा? याला कोण बघतं? उत्तर असेल, तर नव्याची भीती नाही. उत्तर नसेल, तर दोष नव्याचा नाही.

आणि सुरुवातीचा प्रश्न? ठेवलं की टाकलं, कळायचं कसं? असं कळायचं: ज्याने देवापाशी ठेवलं, त्याला दार माहीत असतं. तो जातो-येतो, विचारतो, बघतो, आणि मग म्हणतो, बाबा, आता पुढचं तुझ्या हाती. ज्याने टाकलं, त्याला दारच माहीत नसतं!

म्हणा माझ्याबरोबर, मागून म्हणा:

नाव तुझे अन् काम माझे, हिशेब ऐसा राहो ।
काम तुझ्यावर, नाव माझे, दिवस कधी ना येवो ॥

छान! आता आरती. उठा... थांबा. नका उठू.

तुम्ही रोज देवापुढं हात जोडून कोणाचं नाव घेता? गावाकडच्या आईचं? घटस्फोट होऊन एकटी राहणाऱ्या बहिणीचं? बोलणं बंद झालेल्या भावाचं? "देवा, तिला सुखी ठेव. देवा, त्याला बघ." रोज घेता ना? मग सांगा, तिच्या घरी शेवटचे कधी गेलात? दारात कोणतं झाड आहे, सांगता येईल?

नाही येत सांगता? मग ऐका. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेत. बाहेर अंगणात जा, मंडपामागं जा, बँड नाहीये आज, ऐकू येईल. तो फोन आधी करून या. आरती थांबवून ठेवते. निरांजनात तेल भरपूर आहे, आणि देवाला घाई नाही.

त्या माणसाला असेल. जा.